गप्प बसलात, म्हणजे मान्य केलेत!

दिवाळी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे फराळ येतो, आकाशकंदील येतो. व्यापाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र प्रथम येते ती त्याची वही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तो तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढतो, तिला हळदकुंकू वाहतो आणि पाडव्याला नवे खाते घालतो. तुमच्याआमच्यासारख्या पगारदार माणसाला अशी वही नसते. आपल्या वाट्याला येते ते दुसऱ्याच्या वहीतले एक पान, आणि तेही बहुधा उधारीच्या बाजूचे!

हे पान पूर्वी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे असे. त्याच्या उधारीला अटी नव्हत्या असे कोणी समजू नये. अटी होत्या, पण त्या तोंडी होत्या, दोन वाक्यांत मावणाऱ्या होत्या, आणि बदलल्या तर तो त्या तोंडावर सांगत असे. "काका, पुढल्या महिन्यापासून पाच तारखेच्या आत हिशेब चुकता करा बरे का!" पटले तर आपण मान डोलवावी, न पटले तर बाकी चुकती करून दुसरा वाणी पाहावा. दोन्ही पक्षांना आपापले हक्क ठाऊक होते आणि त्यासाठी कोणाला कायद्याचे पुस्तक उघडावे लागत नव्हते.

आता ते पान प्लॅस्टिकच्या एका चिटुकल्या कार्डात जाऊन बसले आहे. या दिवाळीत कितीतरी घरांत नवी साडी, नवा दूरदर्शन संच आणि धनत्रयोदशीची खरेदी या कार्डावरच झाली असेल. त्यात वावगे काही नाही. वेळेवर पूर्ण बिल भरणाऱ्याला कार्डासारखी सोय नाही. अडचण आहे ती कार्डाबरोबर येणाऱ्या त्या बारीक टाइपातल्या पुस्तिकेची. ती आपण वाचत नाही. आणि कोणी चिकाटीने वाचलीच, तर वर्षाच्या आत तिच्यातला मजकूर बदललेला असतो. वार्षिक शुल्क वाढते, उशिराचा दंड वाढतो, विमानतळावरच्या विश्रांतिकक्षाची सवलत आटते, कालपर्यंत शंभर रुपयांना मिळणारे गुण आज दीडशे रुपयांना मिळू लागतात. आणि या सर्वांची वर्दी देणारे पत्र ई-मेलच्या ढिगाऱ्यात, कुठल्याशा चप्पल-विक्रीच्या जाहिरातीखाली निजलेले असते.

मग प्रश्न असा, की करार एकदा झाल्यावर एका पक्षाने तो आपल्या मर्जीने बदलावा हे चालते तरी कसे? १८७२ चा आपला करार कायदा तर सांगतो, की केलेला करार बदलायचा तर दोन्ही पक्षांची संमती हवी. घरमालकाने भाडेपत्र सहीशिक्क्यानिशी झाल्यावर मधेच पाचशे रुपये वाढवून मागितले, तर आपण त्याला बसवून जाब विचारू. कार्डाच्या बाबतीत मात्र आपण मुकाट्याने पैसे भरतो. याचे कारण त्या पुस्तिकेतच दडलेले आहे. अटी बदलण्याचा अधिकार आपण पहिल्याच दिवशी, न वाचता, सही करून देऊन टाकलेला असतो.

पण वाचकहो, घाबरून जाण्याचे कारण नाही. हा अधिकार मोकाट सोडलेला नाही. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट कार्डांविषयी सविस्तर नियम घालून दिले आणि त्या वर्षीच्या जुलैपासून ते लागू होऊ लागले. काही कलमे ऑक्टोबरपासून लागू झाली. हे नियम वाचायला रुक्ष आहेत खरे. तरी त्यातली चार-पाच वाक्ये प्रत्येक कार्डधारकाने स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या पाठीवर लिहून ठेवावी अशी आहेत.

पहिले वाक्य असे, की व्याज सोडून इतर कोणत्याही आकारात बदल करायचा, तर तो पुढच्या तारखेपासूनच करता येईल आणि त्याची निदान एक महिना आधी सूचना द्यावी लागेल. म्हणजे मागच्या महिन्यातल्या खरेदीला या महिन्यातला नवा दर लावता येणार नाही. दुसरे वाक्य त्याला जोडूनच आहे. आकारातला बदल आपल्याला तोट्याचा वाटला आणि त्यामुळे कार्ड परत करावेसे वाटले, तर सर्व बाकी चुकती करून ते परत करता येते, आणि बंद करण्यासाठी एक पैसाही जादा घेता येत नाही.

तिसरे वाक्य आकारांपुरते नाही, अटींविषयी आहे; आणि तेच सर्वांत महत्त्वाचे. अटी बदलायच्या तर ३० दिवसांची सूचना द्यावी लागते, ती कार्डधारकाशी संपर्काची जेवढी साधने उपलब्ध असतील त्या सर्व साधनांनी द्यावी लागते, आणि या ३० दिवसांत कार्डधारकाला बाहेर पडता येते. व्याजाचा दर हीही कार्डाची एक ठळक अटच, हे येथे लक्षात ठेवावे. मात्र याच वाक्याला एक शेपूट आहे. ३० दिवसांत कार्डधारक बाहेर पडला नाही, तर नव्या अटी त्याला मान्य आहेत असे धरले जाते. आपल्याकडे मौनाला संमतीचे लक्षण म्हणतात. लग्नाच्या बोलण्यांत ते शोभत असेल. येथे त्याची किंमत रुपयांत मोजावी लागते.

आणि चौथे वाक्य. कार्ड देतेवेळी जो आकार स्पष्ट सांगितलेला नव्हता, असा कोणताही आकार कार्डधारकाच्या उघड संमतीशिवाय लावता येत नाही. सरकारने पुढे बसविलेला कर तेवढा याला अपवाद. फुकट म्हणून दिलेल्या कार्डात छुपे आकार असता कामा नयेत, असेही नियमांत बजावले आहे.

तिसरे आणि चौथे वाक्य शेजारी शेजारी ठेवून पाहिले की कळते, खरा झगडा कुठे आहे तो. आधीपासून असलेला आकार हजाराचा बाराशे झाला, तर तुमचे मौन पुरते. पण आधी नव्हताच असा आकार नव्याने बसवायचा, तर मौन पुरत नाही. तुमचा स्पष्ट होकार लागतो. हा भेद बँकेच्या दूरध्वनीवर बोलणाऱ्या मुलामुलींना ठाऊक असेलच असे नाही. आपल्याला ठाऊक असलेला बरा.

माझी थोरली बहीण पुण्यात असते. निवृत्त शिक्षिका आहे, हिशेबाला पक्की. तिने काही वर्षांपूर्वी एका मोठ्या दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या तरुणाकडून 'आजीवन मोफत' कार्ड घेतले होते. औषधे, विजेचे बिल आणि नातवंडांच्या वाढदिवसाची पुस्तके, एवढाच त्याचा उपयोग. एका महिन्याच्या बिलात वार्षिक शुल्क १,००० रुपये आणि त्यावर जीएसटी १८० रुपये, असे एकंदर १,१८० रुपये दिसले. बँकेचे नाव घेण्याचे येथे कारण नाही. ताईने दूरध्वनी केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, वार्षिक शुल्काबद्दल आम्ही आपल्याला ई-मेल पाठविला होता. आपला आक्षेप आला नाही, म्हणजे आपण ते मान्य केलेत."

ताईने मला फोन केला तेव्हा ती रागावलेली नव्हती, चक्रावलेली होती. "अरे, 'आजीवन मोफत' यातले जीवन कोणाचे रे? माझे की त्यांचे? मी तर अजून आहे!"

मी तिला म्हटले, "ताई, कार्ड घेताना मिळालेले पत्र आहे का?"

"आहे तर! मी कागद टाकते का कधी?"

तेथेच अर्धी लढाई जिंकली होती. तिच्या फाइलीत कार्डाबरोबर आलेले पत्र होते आणि त्यावर वार्षिक शुल्काच्या रकान्यात 'काही नाही' असे इंग्रजीत छापलेले होते. आम्ही दोघांनी मिळून चार वाक्यांचे पत्र तयार केले. पहिल्या वाक्यात कार्ड कधी व कोणत्या शब्दांत दिले ते. दुसऱ्यात हे शुल्क कार्ड देताना सांगितलेले नव्हते आणि त्याला उघड संमती दिलेली नाही, ते. तिसऱ्यात सूचना केवळ ई-मेलने आली, एसएमएस वा अन्य मार्गाने आली नाही, ते. आणि चौथ्यात १,१८० रुपये परत जमा करावे ही मागणी. विशेषणे एकही नाही. भाषेचा शिक्षक म्हणून मला दोन-तीन ठसकेबाज शब्द सुचत होते. पण तक्रारीच्या पत्रात विशेषण आले की वाचणारा मुद्दा सोडून विशेषणालाच उत्तर देतो.

पहिले उत्तर आले ते छापील होते. आपल्या समाधानासाठी आम्ही कटिबद्ध आहोत, वगैरे. ताईने तेच पत्र तक्रार क्रमांकासह बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठविले. बाराव्या दिवशी १,१८० रुपये जमा झाले. मग तिने शांतपणे कार्डही बंद करून टाकले. आश्चर्य असे, की जोपर्यंत ती गिऱ्हाईक होती तोपर्यंत तिला कोणी विचारत नव्हते; बंद करण्याची विनंती गेल्याबरोबर दोन दिवसांत तिला तीन फोन आले. एकाने तर दुसरे कार्ड देऊ केले, आणि तेही आजीवन मोफत!

कार्ड बंद करण्याविषयीचे नियमही जाणून घेण्याजोगे आहेत. बाकी काही नसेल तर विनंती आल्यापासून कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद झालेच पाहिजे. न झाल्यास उशिराच्या प्रत्येक दिवसामागे ५०० रुपये कार्डधारकाला देणे बँकेवर बंधनकारक आहे. बंद करण्याची विनंती दूरध्वनीवरून, ई-मेलने, संकेतस्थळावरून किंवा मोबाइलवरच्या ॲपमधून करता येते. टपालानेच अर्ज पाठवा असा हट्ट बँकेला धरता येत नाही. कार्डावर आपलीच काही रक्कम शिल्लक असेल, तर ती आपल्या खात्यात आली पाहिजे. मात्र बंद करण्यापूर्वी दोन कामे आपली आपण उरकावी. साठलेले गुण आधी वापरून टाकावे, कारण बहुतेक कार्डांच्या अटींत ते कार्डाबरोबरच संपतात. आणि विजेचे बिल, विम्याचा हप्ता असे काही त्या कार्डातून आपोआप जात असेल, तर ते आधी दुसरीकडे वळवावे. नाही तर कार्डाच्या शुल्कातून सुटलो आणि विम्याच्या हप्त्यात अडकलो, अशी गत व्हायची.

आता व्याजाकडे वळू. कारण शुल्काचा हजार रुपया डोळ्यांना दिसतो. व्याजाचा पाव टक्का दिसत नाही. समजा, एखाद्या कार्डावर दरमहा साडेतीन टक्के व्याज आहे. ऐकायला किती लहान वाटते! पण वर्षाचा हिशेब केला की ते ४२ टक्के होते. आता बँकेने कळविले की दर पावणेचार टक्के होत आहे. 'फक्त पाव टक्का,' असे म्हणून आपण पत्र बाजूला ठेवतो. पण महिन्याचा पाव टक्का म्हणजे वर्षाचे तीन टक्के. दर झाला ४५ टक्के. ५०,००० रुपयांची बाकी महिनाभर राहिली, तर साडेतीन टक्क्यांनी व्याज १,७५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५ रुपये, एकूण २,०६५ रुपये. पावणेचार टक्क्यांनी व्याज १,८७५, कर ३३७ रुपये ५० पैसे, एकूण २,२१२ रुपये ५० पैसे. महिन्याला सुमारे दीडशे रुपयांचा फरक, आणि बाकी जशीच्या तशी! बँकांनी व्याजाचा वार्षिक दर सांगितला पाहिजे असा नियम आहे तो यासाठीच. पत्रात मासिक दर ठळक दिसला, तर आपण त्याला बाराने गुणावे आणि मग चहा प्यावा.

व्याजाला कायद्याने काही कमाल मर्यादा आहे का, असे पुष्कळजण विचारतात. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने निर्णय दिला होता, की वेळेवर पूर्ण बिल न भरणाऱ्याकडून वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. ग्राहकांना तो मोठा दिलासा वाटला. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला. व्याजाच्या दरांवर देखरेख हे रिझर्व्ह बँकेचे क्षेत्र आहे, आयोगाचे नव्हे, असा त्याचा रोख होता. तेव्हा ३० टक्क्यांची जुनी बातमी कोणी अजून दाखवीत असेल, तर तिच्यावर विसंबू नये. मर्यादा बँकेने स्वतःच ठरवायची असते. आपल्या हातात उरते ते सूचनेचे पत्र वाचणे आणि वेळीच बाकी उतरविणे.

येथे अमेरिकेचे उदाहरण आठवते. आपल्यापैकी पुष्कळांची मुले तिकडे आहेत, त्यांना ते ठाऊकही असेल. तेथे २००९ च्या कार्डविषयक कायद्याने अशी सूचना ४५ दिवस आधी देणे बंधनकारक केले. शिवाय दर वाढला तरी आधीच्या बाकीला, काही अपवाद वगळता, जुनाच दर राहतो. म्हणजे काल घेतलेल्या उसन्याला आजचा दर लागत नाही. आपल्याकडे बाकीला असे संरक्षण इतक्या स्पष्ट शब्दांत मिळाले, तर मध्यमवर्गीय संसाराला फार मोठा आधार होईल. नियम करणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

आणखी काही हक्क थोडक्यात सांगतो. कार्डाची मर्यादा तुमच्या उघड संमतीशिवाय वाढविता येत नाही; घटविली तर तसे कळवावे लागते. न मागितलेले कार्ड गळ्यात मारून त्याचे बिल लावले, तर बँकेला ते आकार मागे घेऊन वर त्यांच्या दुप्पट दंड तुम्हाला द्यावा लागतो. उशिराचा दंड देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाला तरच लावता येतो, आणि तो भरावयाच्या राहिलेल्या रकमेवर, साऱ्या बिलावर नव्हे. बिलाची तारीख पगाराच्या तारखेशी जुळत नसेल, तर ती निदान एकदा आपल्या सोयीप्रमाणे बदलून घेता येते. पगार महिनाअखेरीस आणि देय तारीख वीस, अशा ओढाताणीत दरमहा दंड भरणाऱ्यांनी हा हक्क आजच वापरावा.

आणि भाषेबद्दल एक शब्द बोलल्यावाचून मला राहवत नाही. अटी स्पष्ट, सोप्या आणि कार्डधारकाला समजेल अशा भाषेत असाव्या, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असाव्या, असे रिझर्व्ह बँकेचे म्हणणे आहे. सर्वांत महत्त्वाच्या अटींचे पत्रक तर ठरावीक आकाराहून बारीक अक्षरात छापू नये, अशीही ताकीद आहे. महाराष्ट्रात स्थानिक भाषा म्हणजे मराठी. आपल्यापैकी किती जणांनी बँकेकडे मराठी पत्रक मागितले आहे? मागणी नसेल तर दुकानदार माल कशाला ठेवील? 'शक्यतो' या शब्दाआड बँका बसतात हे खरे, पण मागणाऱ्यांची संख्या वाढली की 'शक्यतो' हा शब्द शक्य होऊ लागतो. ज्या घरात आजी-आजोबा कार्ड वापरतात, त्या घरातून तरी असे एक पत्र बँकेकडे जावे.

तक्रार कोठे करायची, हेही सांगून ठेवतो. प्रथम बँकेकडे, लेखी, आणि तक्रार क्रमांक जपून ठेवून. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आले पण समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही. तक्रार संगणकावरून नोंदविता येते आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. अटच मुळात एकतर्फी आणि जुलमी असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करार' या कल्पनेला जागा दिलेली आहे आणि त्याविरुद्ध राज्य ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पण माझा अनुभव असा, की चार वाक्यांचे नेमके पत्र गेले तर बहुधा एवढ्या लांब जावे लागत नाही.

तेव्हा या दिवाळीच्या सुटीत, भाऊबीज आटोपली की एक दुपार काढा. घरातली सारी कार्डे एका ताटात मांडा. प्रत्येकाचे वार्षिक शुल्क, व्याजाचा वार्षिक दर, बिलाची तारीख आणि देय तारीख एका वहीत लिहा. बँकेकडचा आपला मोबाइल क्रमांक आणि ई-मेल चालू आहेत ना, हे पाहा. जुन्या पत्त्यावर गेलेली सूचना आपल्या उपयोगाची नाही. कार्डासोबत आलेले पहिले पत्र त्या वहीत चिकटवा. आणि महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी, बँकेकडून आलेल्या ई-मेलवर नजर टाका; 'अटींमध्ये बदल' असे शब्द दिसले की त्या तारखेपासून ३० दिवस मोजा. पटले तर राहा, न पटले तर बाकी चुकती करून नमस्कार करा. मुलांनाही या कामात बसवा. चकलीच्या सोऱ्याइतकेच त्यांना पुढे हेही लागणार आहे.

सर्व वाचकांना ही दिवाळी आणि येणारे वर्ष सुखाचे, समृद्धीचे आणि बाकीशून्य जावो.